विरजण शेजारी असतं

शहरांत फराळाचे डबे एका दारातून दुसऱ्या दारात जात असतात, त्याच सुमारास बीड जिल्ह्यातल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज अशा बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या तालुक्यांत दसरा-दिवाळीनंतर वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या होतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, ज्वारी-बाजरीची पोती आणि लेकरं चढतात. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेसाठी थांबलेली काही मुलं आणि कुलपं. पुढचे पाच-सहा महिने हे संसार पश्चिम महाराष्ट्रातल्या नाही तर कर्नाटकातल्या साखर कारखान्याच्या फडात चालतात. या सामानात एक गोष्ट नसते आणि ती कोणी लिहूनही ठेवत नाही. ती म्हणजे विरजण. मार्च-एप्रिलमध्ये घर पुन्हा उघडलं, शेण-सडा झाला, चूल पेटली की चार-दोन दिवसांत कोणीतरी वाटी घेऊन शेजारी जातं आणि विचारतं, “आक्का, उलुसं इरजण हाय का?”

या अंकासाठी संपादकांनी दिलेला विषय होता घरी भाजलेली, मित्रांना वाटलेली भाकर आणि तिच्यामागचं सामायिक खमीर. गेल्या काही वर्षांत, विशेषतः 2020 च्या टाळेबंदीत, मुंबई-पुण्यात आंबट खमिराचे पाव घरी करण्याची हौस वाढली. मैत्रिणी एकमेकींना बरणीतून खमीर देऊ लागल्या. बीडमध्ये तसा पाव शोधत फिरण्यात अर्थ नाही. पण देण्या-घेण्याची ती रीत इथे जुनी आहे. ती भाकरीत नसून भाकरीशेजारच्या वाडग्यात आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की विरजण टिकतं ते एका घराने जपल्यामुळे नव्हे, अनेक घरांनी वाटल्यामुळे. हे वाटणं चांगुलपणाचं आहेच, पण त्याहून अधिक ते गरजेतून बसलेल्या व्यवस्थेचं आहे. आणि व्यवस्था म्हटलं की ती कशावर उभी आहे आणि कशाने खचते, हेही पाहावं लागतं.

भाकरीत खमीर का नाही

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातल्या प्रथिनांचं ग्लुटेन नावाचं लवचीक जाळं तयार होतं. खमिरातल्या यीस्टने सोडलेला वायू या जाळ्यात अडकतो आणि पाव फुगतो. मराठवाड्यातच छत्रपती संभाजीनगरला नान-खलियाची परंपरा आहे; त्यातलं नान आंबवलेल्या पिठाचं, कारण ते गव्हाचं. गोव्यात पोदेर पूर्वी माडाच्या सुरेवर पाव फुगवत, तेही गव्हाच्याच पिठात. बीडचं मुख्य अन्न मात्र ज्वारी आणि बाजरी. रब्बीत मालदांडी ज्वारी पेरणाऱ्या या पट्ट्यात धान्यालाच ग्लुटेन नाही, तर पीठ वायू धरून ठेवणार कशाने?

म्हणून भाकरी करणारी बाई वेगळी युक्ती वापरते. परातीतल्या पिठाला मध्ये आळं करून त्यात आधणाचं पाणी ओतते. गरम पाण्याने पिठातला स्टार्च चिकट होतो आणि ग्लुटेनचं काम थोडंफार तो करतो. तळहाताच्या खालच्या भागाने रगडून रगडून मळलेला गोळा परातीतच थापला जातो, तव्यावर पडल्यावर वरून पाण्याचा हात फिरतो, उलटली की मग आरावर उभी राहते. तिथे ती फुगते ती वाफेने. पापुद्रा सुटतो, आत पोकळी होते आणि क्षणात ती बसते. या सगळ्यात जिवाणूंना वेळच नाही. पीठ भिजवलं की भाकरी थापायचीच. जुनं मळलेलं पीठ चिरतं.

ज्वारीला आंबवताच येत नाही असा याचा अर्थ नाही. सुदानमध्ये ज्वारीचंच पीठ आंबवून किसरा नावाची पातळ भाकर करतात. इथिओपियात टेफची, काही भागांत ज्वारीचीही इंजेरा करतात आणि तिच्यासाठी आधीच्या आंबवणातलं पिवळसर पाणी मागे ठेवतात. दोन्हीकडे पीठ पातळ करून तव्यावर ओततात, म्हणजे जाळ्याची गरजच उरत नाही. मराठवाड्याने ज्वारी आंबवली ती पिण्यासाठी. ताकात कालवलेलं पीठ रात्रभर ठेवायचं, सकाळी पाणी घालून शिजवायचं, लसूण-जिरं-मीठ लावायचं, की आंबील तयार. ज्वारी शिजवली की तिच्यातलं प्रथिन पचायला जड होतं, आणि आंबवल्याने ही अडचण कमी होते, हे आहारशास्त्राने नंतर सिद्ध केलं. उन्हाळ्यात शेतावर तांब्याभर आंबील पिऊन निघणाऱ्याला ते पोटाने आधीच कळलेलं होतं. या आंबिलाचं खमीर म्हणजे ताक, ताकाचं मूळ दही, आणि दह्याचं मूळ शेजारणीच्या वाटीत.

चमचाभर दह्यात काय असतं

दूध तापवून कोमट होऊ देतात. करंगळी बुडवली तर ऊब लागावी, चटका बसू नये, हे त्याचं माप. त्यात चमचाभर विरजण घालून दोनदा वर-खाली करतात आणि भांडं झाकतात. उन्हाळ्यात चार-सहा तासांत दही लागतं. पौषातल्या थंडीत तेच भांडं गोधडीत गुंडाळून, चुलीच्या उबेला किंवा धान्यात खुपसून रात्रभर ठेवावं लागतं. या काळात लॅक्टोकोकस, लॅक्टोबॅसिलस, स्ट्रेप्टोकोकस अशा कुळांतले जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधाचा सामू साधारण 6.6 असतो, तो 4.6 च्या आसपास उतरला की केसीन हे प्रथिन गोठतं. म्हणजे आम्लता शंभरपट वाढलेली असते. इतर बरेचसे जंतू त्या आम्लात तग धरत नाहीत, म्हणून फ्रिज नसलेल्या घरात दुधापेक्षा दही जास्त टिकतं. आंबण्यामागे सजीव असतात हे लुई पाश्चरने 1857 साली दुधाच्या आंबण्यावरच्या निबंधात मांडलं. जोसेफ लिस्टरने 1878 मध्ये दूध आंबवणारा एक जिवाणू शुद्ध रूपात वेगळा केला.

पण जे आम्ल इतरांना मारतं, तेच काही काळाने स्वतः जिवाणूंनाही मारतं. तीन-चार दिवस उन्हाळ्यात पडून राहिलेलं दही इतकं आंबट होतं, की त्याचा चमचा नव्या दुधात घातला तरी काम धड होत नाही. विरजण साठवून ठेवायची वस्तू नाही; ते सतत नव्या दुधात घालत राहावं लागतं. आणि ते बिघडण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. दूध जास्त गरम राहिलं, थंडी पडली, भांड्याला साबण राहिला, तर विरजण गेलं. म्हशीच्या कासेला दगडी झाली आणि डॉक्टरांनी प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं, तर पुढचे काही दिवस त्या दुधाला दही लागत नाही. औषध दुधात उतरतं आणि विरजणातल्या जिवाणूंना मारतं. शिवाय जिवाणूंवर जगणारे विषाणू असतात. मोठ्या दुग्धशाळांना त्यांची धास्ती इतकी, की विरजणाचे वाण त्या आलटून-पालटून वापरतात, म्हणजे एकावर हल्ला झाला तरी दुसरा वाचतो.

दुग्धशाळा प्रयोगशाळा ठेवून जे करते, ते गाव घराघरांतून करतं. दहा घरी विरजण असेल तर दहाही घरी एकाच दिवशी बिघडत नाही. एकीच्या म्हशीला दगडी झाली तेव्हा दुसरीची चांगली असते. आज दिलेला चमचा आपल्याच विरजणाची एक प्रत शेजारी ठेवून येतो आणि आपलं गेलं की ती परत मागता येते. ही गावाची पेढी आहे, फक्त हिच्यात ठेव दिल्याने देणाऱ्याचं काही कमी होत नाही. चमचा गेला तरी भांड्यातलं दही तेवढंच राहतं. पैसा, पाणी, चारा, बियाणं यांतलं काहीही दिलं की आपल्याकडचं घटतं. म्हणून दुष्काळी भागात यांच्यावरून भांडणं होतात. विरजणावरून भांडण झाल्याचं सहसा ऐकू येत नाही.

जुनेपणाचा मोह

आंबवणीच्या कौतुकात एक दावा हमखास येतो. आमच्या घरचं विरजण शंभर वर्षांचं, पणजीने माहेरहून आणलेलं. अमेरिका-युरोपातल्या बेकऱ्याही आपल्या खमिराच्या वयाचा असाच अभिमान बाळगतात. बेल्जियममधल्या सेंट विथ गावात तर जगभरच्या खमिरांचं ग्रंथालयच आहे. शंभराहून अधिक खमिरं तिथे थंड कपाटात ठेवली आहेत आणि ठरावीक काळाने त्यांना पीठ-पाणी दिलं जातं. हा उपक्रम चांगला आहे, पण त्यातून होणारा समज तपासून घ्यायला हवा.

2021 साली ‘ईलाइफ’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अनेक देशांतली 500 खमिरं तपासली गेली. कोणत्या प्रदेशातलं खमीर यावरून त्यातले जिवाणू ओळखता येतील ही अपेक्षा फारशी खरी ठरली नाही. त्याआधी 2020 मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात पंधरा बेकरांना एकसारखंच पीठ देऊन खमीर करायला सांगितलं, तरी प्रत्येकाचं वेगळं निघालं, आणि त्यांच्या हातांवर खमिरातलेच जिवाणू मोठ्या प्रमाणात आढळले. म्हणजे खमिरात माणसाचा हात उतरतो आणि हातात खमीर. दह्यावर हेच प्रयोग झाले असं मी म्हणत नाही. पण तर्क लागू पडतो. रोजच्या दुधातून, भांड्यातून, हातातून नवे जिवाणू येत राहतात, जुने मागे पडतात. पणजीच्या वाटीतले जिवाणू आज कितपत उरले असतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. सलग चालत आली असेल तर ती लावण्याची, विचारण्याची आणि देण्याची सवय. म्हणून बीडचं विरजण बाटलीत भरून एखाद्या कपाटात ठेवल्याने वाचणार नाही.

सहा महिने बंद दार

आता पुन्हा त्या टोळ्यांकडे येऊ. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली की हंगामभर दोघांनी राबून ती फेडायची. फडाजवळ कोप्या पडतात. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते, चटणी-भाजी डब्यात घालते आणि उजाडायच्या आत फडात पोहोचते. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. काही जण बरोबर शेळी नेतात, बैलगाडीवाल्यांकडे बैल असतातच. उसाचं वाढं चाऱ्याला मिळतं. पण रोज दूध विरजावं, वेळेवर झाकावं, वेळेवर घुसळावं, इतकी सवड त्या दिवसात कुठे? गाडी कधी भरायला येईल याचा नेम नसतो. रात्रीही उठावं लागतं. विरजणाला रोजचा नेम लागतो आणि ऊसतोडीत नेम कारखान्याचा चालतो.

त्यामुळे दरवर्षी हजारो घरांत विरजण मरतं. हे नुकसान कोणाच्या लेखी नाही, कारण ते दरवर्षी भरूनही निघतं. मागे राहिलेली म्हातारी शेजारीण, जमीन बऱ्यापैकी असल्याने न गेलेलं एखादं घर, गावातला दूधवाला, यांच्याकडे ते जिवंत असतं. घर उघडल्यावर वाटी घेऊन जाणारी बाई त्यांच्याकडून एक घरच पुन्हा सुरू करून घेते. देणाऱ्या घराचंही यात काही असतं. ज्यांच्या अंगणात वर्षभर म्हैस आहे त्यांना खुरपणीला माणूस लागतो, लग्नकार्यात हात लागतात. वाटी रिकामी परत करू नये असा रिवाज आहे. तीत कधी मूठभर शेंगा येतात, कधी हुरडा, कधी नुसतं कामाचं आश्वासन. तिन्हीसांजेनंतर दूध-दही-विरजण घराबाहेर देत नाहीत, हाही एक जुना दंडक. त्यामागची समजूत लक्ष्मीची, पण त्यामुळे मागण्याची वेळ ठरते आणि रात्री-अपरात्री नकार देण्याचा संकोच वाचतो.

आंबिलाचा दिवस

देणं-घेणं सर्वांत मोकळेपणाने दिसतं ते वेळा अमावस्येला. मार्गशीर्षातल्या या अमावस्येचा सण मुख्यतः लातूर-धाराशिवचा, पण त्यांना लागून असलेल्या बीडच्या अंबाजोगाई भागातही तो पाळतात. शेतात ज्वारीच्या कडब्याची कोप उभारून आत पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले दगड मांडतात. घरून डोक्यावर येतं ते भज्जी, उंडे, धपाटे, गव्हाची खीर आणि मडकंभर आंबील. शहरातली मित्रमंडळी, कचेरीतले सहकारी, मुलांचे शिक्षक यांना आग्रहाने शेतावर बोलावतात. लातुरात तर रस्ते ओस पडतात आणि जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात.

एवढ्या माणसांना पुरेल इतकं आंबील एका घरच्या ताकात होत नाही. त्यासाठी आधीचे काही दिवस ताक जमवावं लागतं आणि ते चार घरांतून येतं. मडक्यात मिसळतं तेव्हा कोणाचं ताक कुठलं हे कोणी सांगू शकत नाही. पावाच्या जगात मित्राला द्यायची भेट म्हणजे कागदात गुंडाळलेला लोफ; इथे ती पेल्यात ओतलेली आंबट, लसणाची, किंचित फेसाळ पेज आहे, आणि ती एका हाताची नाही. पण याच दिवशी डोंगरपट्ट्यातली हजारो माणसं परमुलखात ऊस तोडत असतात. एका जिल्ह्याची दोन टोकं एकाच अमावस्येला इतकी वेगळी असतात, हे ध्यानात ठेवूनच या सणाचं कौतुक करावं.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप बाजाराचा. दहा-वीस रुपयांत दह्याचं पाकीट किराणा दुकानात मिळतं, त्यातलाच चमचा दुधात घातला की दही होतं. शेजाऱ्याची गरज काय? होतं हे खरं, आणि पाकिटाला नावं ठेवण्याचं कारण नाही. तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला तेच परवडतं. पण कारखान्यातले मोजके निवडलेले वाण एकदाच पाकीट लावण्यासाठी असतात. घरी चमच्यावर चमचा लावत गेलं की त्यांचा तोल बिघडतो आणि काही फेऱ्यांनंतर पुन्हा पाकीट आणावं लागतं. घरगुती विरजणात वाण अनेक असतात. ऋतू बदलला की एक मागे पडतो, दुसरा पुढे येतो.

दुसरा आक्षेप जाणकार गृहिणींचा. हिरव्या मिरचीचे देठ कोमट दुधात टाकले तरी दही लागतं, मग मागायचं कशाला? देठांवर लॅक्टिक आम्लाचे जिवाणू असतात, त्यामुळे हेही बरोबर. पण पहिलं दही बहुधा सैल, कधी तार सुटणारं, बेचव निघतं. दोन-तीनदा पुन्हा विरजल्यावर ते जागेवर येतं. तेवढं दूध वाया घालवायची ऐपत प्रत्येक घराला नसते. शेजारचं विरजण पारखलेलं असतं. काल त्याच दह्याची कढी आपण खाल्लेली असते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो जातीचा. ‘घरोघरी विरजण’ असं सहज लिहून जातो, पण दूधदुभतं घरोघरी कधीच नव्हतं, आणि वाटीही प्रत्येक दारातून प्रत्येक दारात जात नव्हती. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 च्या पुस्तकाने मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाचा आहार मांडला, तेव्हा मराठी खाद्यलेखनात किती चुली मोजल्याच गेल्या नव्हत्या हे उघड झालं. विरजण दिल्याने कमी होत नाही हे जिवाणूंच्या बाबतीत खरं. माणसांनी मात्र न घटणाऱ्या वस्तूलाही कुंपण घातलं. यावर माझं उत्तर बचावाचं नाही. उलट मूळ म्हणण्याला यातून आधारच मिळतो. विरजणाचा पसारा गावातल्या ओळखीइतकाच मोठा असतो आणि जिथे शिवाशिव आली तिथे तो खुंटतो. ही रीत चांगली की वाईट, हे त्या गावात वाटी कुठपर्यंत जाते यावरून ठरतं.

चौथी शंका स्वच्छतेची. कुणाच्याही घरचा चमचा आपल्या दुधात कसा घालायचा? उकळलेलं दूध, धुतलेलं भांडं आणि ताज्या आंबटपणाचा वास एवढी काळजी पुरेशी असते, कारण आम्ल पुष्कळशी राखण स्वतःच करतं. वास बदलला, रंग आला, बुरशी दिसली तर टाकून द्यायचं. हे गावातल्या बायांना माहीत असतं, म्हणूनच मागायला जाताना कुणाकडे जायचं हे त्या ठरवून जातात.

आधी दूध

तर मग या रिवाजाला धोका कशाचा? पाकिटाचा थोडाच. मोठा धोका दूध घरातून निघून जाण्याचा आहे. सकाळी-संध्याकाळी दूध संकलन केंद्रावर जातं, तिथे फॅट आणि एसएनएफ मोजून भाव मिळतो. गाईच्या दुधाला 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ हा मापदंड. पेंड, चारा, डॉक्टर यांचा खर्च त्यातून भागवायचा असल्याने लिटर-अर्धा लिटरही मागे ठेवणं जिवावर येतं. दुष्काळात तेही संपतं. 2019 च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या; जनावरं आणि त्यांच्यामागे माणसं छावणीत राहिली. छावणीत मुक्काम हलला की घरातला रोजचा नेम तुटतो, आणि जनावर विकलं गेलं तर तो कायमचाच. देणारी घरं कमी झाली की मागणाऱ्यांची वाट लांबते आणि मग पाकीटच जवळचं होतं.

दुसरा धोका असा, की हे सगळं ज्यांच्यावर चालतं त्या बायांच्या कामात याची मोजदाद नाही. विरजणाचा रोजचा नेम ही मजुरी आहे. आंबवणीच्या कौतुकाचे लेख तिला ‘आजीच्या हाताची चव’ म्हणून मोकळे होतात. ती आजी आज टोळी गेल्यावर नातवंडं सांभाळत गावात एकटी असते, हे त्या कौतुकात बसत नाही. बीडमध्ये परतणाऱ्या घरांना वाटीभर विरजण देणारी तीच आहे. तिचं रेशन, तिचं औषध, तिच्या अंगणातली एक म्हैस यांचा प्रश्न आणि विरजणाचा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत.

म्हणून खाद्यसंस्कृती जपण्याच्या उत्साहात पाककृती नोंदवणं, स्पर्धा भरवणं, बरण्या साठवणं यांवर थांबू नये. ऊसतोड कुटुंबांना गावातच काम मिळालं, मुलांना शाळेसाठी आई-बापापासून तुटावं लागलं नाही, दुधाला असा भाव मिळाला की थोडं घरी ठेवणं परवडेल, आणि वाटी वस्तीच्या सीमेवर अडली नाही, तर विरजणासाठी वेगळी चळवळ लागणार नाही. शहरात बरणीतून खमीर देणाऱ्या मैत्रिणींनाही यातून घेण्यासारखं आहे. खमिराचं वय आणि देशोदेशीचं गोत्र सांगण्यापेक्षा, आपलं बिघडलं तर परत मागता येईल अशी किती दारं आपल्याला आहेत, ते त्यांनी मोजावं. बीडमधल्या बाईला तो आकडा पाठ असतो, कारण दरवर्षी चैत्राच्या आसपास तिला त्यातलं एक दार वाजवावं लागतं.